मेंढ्या मोजायची भाषा

इंग्रजीतल्या मुक्या अक्षरांबद्दलचा पहिला प्रश्न मला कुणा विद्यार्थ्याने विचारला नाही. तो माझ्या वडिलांनी विचारला, विळ्याला धार लावता लावता, आणि मी त्यांच्यावर खेकसले.

मी तेव्हा सहावीत होते. आमचं गाव वेल्ह्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला, शाळा तासभर चालत. संध्याकाळी ओट्यावर बसून मी स्पेलिंगं घोकायची. "के एन आय एफ ई नाइफ, नाइफ म्हणजे सुरी." दहाव्यांदा हेच ऐकल्यावर आप्पांनी दगडावर घासत असलेला विळा थांबवला.

"बाय, तू पैलं के म्हंतीस आन् मंग नाइफ म्हंतीस. त्यो के जातो कुठं?"

"तो सायलेंट असतो."

"म्हंजी?"

"लिहायचा, पण म्हणायचा नाही."

"मंग ल्हेत्यात कशापायी?"

मला उत्तर येत नव्हतं, आणि उत्तर आलं नाही की मला राग येतो. ही खोड पुढे तीस-बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवूनही गेली नाही. "पाठ करू द्या ना आप्पा, उद्या बाई मारतील," असं काहीतरी मी ओरडले. आप्पांनी पुन्हा विळा घासायला घेतला. "पैल्या नंबरला बसिवलाय आन् तोंड उघडू देत न्हाईत," असं ते पुटपुटले. मला नाही, विळ्याला.

आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. सही करायचे, एसटीची पाटी वाचायचे, त्यापलीकडे अक्षरांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांचा मान होता तो मापाला बसण्याचा. आमच्याकडे भाताची मळणी झाली की खळ्यावर रास पडते. आता सगळं काट्यावर जातं, पण तेव्हा ती पायलीने मोजून पोत्यांत भरत. मापाला कुणीही उठून बसत नसे. ज्याचा हात सारखा पडतो आणि ज्याचा आकडा चुकत नाही असा माणूस बोलवायचे, आणि आसपासच्या चार वाड्यांमध्ये असा माणूस म्हणजे आप्पा.

त्याची एक रीत असते. पायताण लांब काढून राशीकडे तोंड करून बसायचं. मापाच्या वेळी कुणी बोलायचं नाही. पायली भरताना आकडा तोंडात घोळवत ठेवायचा, पुढची भरेपर्यंत. दोन दोन दोन दोन, तीन तीन तीन तीन, असा. वीस पायल्या झाल्या की मूठभर भात बाजूला ठेवायचा, शेवटी मुठी बघितल्या की किती विसा झाल्या ते कळतं. आणि पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार, असं पुढे. शिवाय एकदा मोजलेली रास पुन्हा मोजायची नाही. कुणी शंका काढलीच तर आप्पा काही न बोलता पायताण घालून चालू लागायचे, मग त्यांना समजूत घालून परत आणायला दोन माणसं लागायची.

मी सात-आठ वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर खळ्यावर गेले होते. शाळेत नुकते आकडे शिकलेले, त्यामुळे अंगात आलेलं. आप्पांची पहिली पायली भरायच्या आत मी मोठ्यांदा "एक!" म्हणून मोकळी झाले. सगळं खळं माझ्याकडे बघायला लागलं. आप्पांनी पायली राशीत परत ओतली, राशीला हात लावून तो कपाळाला लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. घरी येताना म्हणाले, "राशीला एक म्हनायचं न्हाई, बाय. लाभ म्हनायचं."

"का?"

"आमचं आजं म्हनायचं म्हनून."

हे उत्तर मला तेव्हा अगदी भिकार वाटलं होतं. पुढे जन्मभर मी वर्गात मुलांना जवळपास हेच उत्तर देत आले, फक्त जास्त शब्दांत.

आता दुसरी गोष्ट सांगते. ही मी नवऱ्यालासुद्धा पुष्कळ वर्षं सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही नाही म्हणून, आणि सांगताना रडू येईल म्हणून.

आठवीला मला भोरला ठेवायचं ठरलं. चुलते म्हणत होते, पोरीला कशाला, पोरांचं बघ. आप्पांनी ऐकलं नाही. नसरापूरला आम्ही भोरच्या एसटीची वाट बघत उभे होतो. माझी पत्र्याची ट्रंक आप्पांच्या खांद्यावर, खाली ठेवली तर चिखल लागेल म्हणून. मी त्यांच्या धोतराला खेटून. तेवढ्यात त्यांच्या ओळखीचा कुणी एक, बऱ्याच वर्षांनी भेटलेला माणूस आला. शेतीभातीचं विचारून झालं, मग म्हणाला, "पोरं किती तुला?"

"दोन," आप्पा म्हणाले.

"आन् ही?"

"ही थोरली ल्येक. शिकायला चाललीया."

बस्, एवढंच. माझ्या पाठीवर दोन भाऊ आहेत. आमच्याकडे पोरं म्हणजे मुलगे, लेकी त्यात धरत नाहीत. सगळेच तसं बोलत, माझी आईसुद्धा. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ट्रंक माझी होती, ती ज्यांच्या खांद्यावर होती त्यांनीच मला मोजलं नव्हतं, आणि तेराव्या वर्षी या दोन गोष्टी एकत्र कशा धरायच्या ते मला कळेना. एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. आप्पांना वाटलं, घर सुटतंय म्हणून रडतेय. त्यांनी भोरला उतरल्यावर मला भजी घेऊन दिली. मी ती खाल्लीही.

पुढे मी शिकले, भोरच्याच एका हायस्कुलात इंग्रजीची बाई झाले. शिकवायला लागल्यावर आप्पांचा तो के परत समोर उभा राहिला, कारण दर वर्षी वर्गात कुणीतरी तोच प्रश्न विचारायचं. सुट्टीत पुण्याला एका ग्रंथालयात जाऊन मी इंग्रजीच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि त्यात पार बुडाले. तो के पूर्वी खरंच म्हणत असत. नाइफ हा शब्दच मुळात उत्तरेच्या समुद्रातून जहाजं घेऊन आलेल्या लोकांचा, आणि तो साधारण क्निफ असा म्हणत. नाइट म्हणजे रात्र, तिच्या पोटात अडकलेली जी आणि एच ही दोन अक्षरंही पूर्वी घशातून खाकरून म्हणत. तिकडे जुन्या धर्तीच्या दुकानांच्या पाटीवर 'द'च्या जागी 'ये' लिहिलेलं असतं, ते 'ये' नव्हेच. टी-एचच्या आवाजासाठी त्यांच्याकडे एक वेगळं अक्षर होतं, ते छापखान्यात मिळेना, म्हणून छापणाऱ्यांनी त्याच्यासारखं दिसणारं वाय ठोकून दिलं. लोकांची तोंडं बदलत गेली आणि कागद मागेच राहिला. मला ते पुस्तक वाचताना इतका आनंद व्हायचा की नवरा विचारायचा, कुणाचं पत्र आलंय का.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले ती सरळ आप्पांकडे. ते गोठ्यात वासराला पाजत होते.

"आप्पा, तो के म्हणत होते पूर्वी. क्निफ म्हणायचे."

कुठला के, असं त्यांनी विचारलं नाही. चौदा-पंधरा वर्षं झाली होती त्या गोष्टीला. "म्या म्हनलं व्हतं का न्हाई! बसिवलाय म्हंजी कवातरी बोलत आसनार."

"मग म्हणायचं बंद झालं, पण तोवर लिहायचं ठरून गेलं होतं. म्हणून राहिला."

आप्पांनी वासराला बाजूला केलं, हात पुसले. "ब्येस क्येलं. आवाज ग्येला म्हनून काय जागा काढून घ्यायाची व्हय?"

तेव्हापासून आमचा हा एक वेगळाच संसार सुरू झाला. मी गेले की आई स्वयंपाकघरातून हाका मारत राहायची आणि आप्पा मला ओट्यावर बसवून विचारायचे, "काय म्हंतंय तुजं इंग्रजांचं गाव?" मी सांगायची. त्या बेटावर आधी इंग्रज नव्हतेच, आप्पा. आधीची माणसं वेगळी भाषा बोलायची. मग रोमचे लोक आले, ते चारशे वर्षं राहून गेले. मग समुद्रापलीकडून हे इंग्रज आले, तेव्हा आधीची भाषा मागे सरत सरत पश्चिमेच्या डोंगरांत गेली आणि तिथे राहिली. ती अजून आहे. डोंगरांत गेली म्हटल्यावर आप्पा खूश. "डोंगरात टिकतंच," असं म्हणून ते समोर तोरण्याकडे बघायचे, जणू त्या भाषेला जागा त्यांनीच दिली होती.

सपाटीवरून ती भाषा गेली, पण नद्यांची नावं राहिली. तिथे ॲव्हन नावाच्या कितीतरी नद्या आहेत, आणि त्या जुन्या भाषेत त्या शब्दाचा अर्थच नदी. आप्पा म्हणाले, "नव्या मानसानं इचारलं आसंल हे काय, जुना म्हनला नदी." मी म्हटलं, पंडितही असंच काहीसं म्हणतात. मग आम्ही बराच वेळ आमच्या नदीच्या, गुंजवणीच्या नावाचा अर्थ काय असेल त्यावर वाद घातला आणि दोघांनाही काही सांगता आलं नाही. हल्ली आमच्या तालुक्याचं सरकारदरबारी नाव बदललंय, पण एसटीत चढणाऱ्या माणसाच्या तोंडातलं वेल्हं काही गेलेलं नाही.

सगळ्यांत त्यांना आवडली ती मेंढ्यांची गोष्ट. दिवाळीनंतर घाट उतरायला धनगरांचे कळप आमच्याकडून जायचे, तेव्हा मला ती आठवली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत म्हातारे मेंढपाळ अगदी अलीकडेपर्यंत मेंढ्या मोजताना इंग्रजी आकडे वापरत नसत. यान, तान, तेथेरा, मेथेरा, पिंप, असं म्हणत. ते त्या जुन्या, हजार वर्षांपूर्वी तिथून गेलेल्या भाषेचे आकडे, असं काही जाणकार म्हणतात. काहींना ते पटत नाही, पण मला पटावंसं वाटतं.

"पाचाला पिंप?" आप्पा हसून हसून बेजार. "आन् धाला काय, रांजन?"

"आणि वीस झाल्या की एक खडा बाजूला टाकायचे, किंवा काठीवर खाच पाडायचे."

हसायचे थांबले. "मूठ," म्हणाले.

"हो. तुमच्या मुठीसारखंच."

मग त्यांना विटीदांडू आठवला. आम्ही वकट, लेंड, मूंड, नाल म्हणायचो, ते काय मग? मी म्हटलं, तेलुगूमध्ये एक, दोन, तीन, चार जवळपास असेच आहेत. त्यांचा विश्वास बसेना. "आरं, आमी तेलंग्याचं त्वांडबी पाह्यलं न्हाई!" पण ते खोल कुठेतरी लागलं त्यांना. जाताना मला एसटीपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "कसं हाय बाय, बोलायचं त्ये मानूस इसरतंय. हात चालताना जे म्हनतंय त्ये न्हाई इसरत."

हे वाक्य मी पुढे दरवर्षी वर्गात वापरलं, स्वतःचं म्हणून. बाजारातून भाषा जाते, कचेरीतून जाते, पण हात चालतो तिथे टिकते. मुलं वहीत लिहून घेत.

आई जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या श्रावणात, लावणी उरकल्यावर, आप्पा सकाळी गोठ्यात पडले. मधला भाऊ गावी शेती बघतो, धाकट्याचा नसरापूरला टेम्पो आहे. त्याच टेम्पोत घालून त्यांना पुण्याला नेलं. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढत चालू लागले, आणि वाचा गेली. पूर्ण गेली. समजायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं, पण तोंडातून निघायची ती नुसती हवा.

मी बिनपगारी रजा टाकून गावी जाऊन राहिले. भोरला एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा पुण्याहून स्पीच थेरपिस्ट यायची, वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी, बोलायला गोड. तिने समजावून सांगितलं. मेंदूत बोलायची जागा दुखावली आहे. पण जे माणसाने जन्मभर न विचार करता म्हटलेलं असतं, आकडे, वार, आरत्या, ते कधीकधी दुसऱ्या वाटेने बाहेर येतं. "शिव्यासुद्धा येतात," ती लाजत म्हणाली. धाकटा भाऊ गाडीत म्हणाला, "आप्पांनी जन्मात शिवी दिली न्हाई, हितंच घाटा झाला बघ आपला." आम्ही दोघं हसलो आणि मग धाकट्याने टेम्पो कडेला घेऊन डोळे पुसले.

तिने हेही सांगितलं होतं की सुरुवातीचे महिने मोलाचे, जितका उशीर तितकं अवघड. ते माझ्या डोक्यात घुसलं. मी रोज सकाळी आप्पांना खुर्चीत बसवून समोर तक्ते धरायची. एक, दोन, तीन. सोमवार, मंगळवार. गाय, घर, पाणी. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत, ओठ हलवत, आणि काही न निघाल्यावर मान खाली घालत. भाद्रपद गेला, दसरा गेला. एक दिवस माझा तोल गेला. "आप्पा, एक म्हणा ना! एक! इतकं काय अवघड आहे?" असं मी ओरडले, अगदी वर्गात ओरडते तसं. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. भावजयीने आतून येऊन माझ्या हातातले तक्ते काढून घेतले. "वन्सं, पुरं करा आता," एवढंच ती म्हणाली. ती माझ्यापेक्षा लहान, पण त्या दिवशी मी तिचं मुकाट्याने ऐकलं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ज्या माणसाने मला अक्षरांपर्यंत नेऊन पोचवलं त्याला मी अक्षरांसाठी रडवलं होतं.

त्यानंतर मी तक्ते बाहेर काढलेच नाहीत. आप्पा आता बोलणार नाहीत, हे मी मनाशी धरून चालले. दिवाळी झाली, भात कापून झालं, मळणी झाली. दोन दिवसांनी माझी रजा संपणार होती.

खळ्यावर रास पडली होती. मधला भाऊ म्हणाला, आक्का, व्यापाऱ्याचा काटा येणार आहे उद्या, घरापुरतं आजच भरून ठेवू, पोत्यात घमेल्याने टाकू. आप्पांना आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हाला बसवलं होतं, खळ्याच्या कडेला. ते राशीकडे बघत होते. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी घरात जाऊन कोपऱ्यातली पायली घेऊन आले, तिच्यातली कोळिष्टकं काढली आणि म्हटलं, "घरापुरतं मी मोजते."

मापाला बाई बसत नाही आमच्याकडे. भावाने पोत्याचं तोंड उघडून धरलं. मी चपला लांब काढल्या, राशीसमोर बसले, पायली भरली, पोत्यात ओतली आणि म्हटलं, "एक."

खरं सांगते, मी ते मुद्दाम म्हटलं नाही. आज कुणी म्हणतं की बाईंनी युक्ती केली. कसली युक्ती? इतकी वर्षं हजेरी घेऊन, मुलांची रांग मोजून माझं तोंडच तसं झालं होतं. वर्गात मेंढपाळांच्या गोष्टी सांगणारी मी, खळ्यावरची आमची स्वतःची रीत साफ विसरले होते.

खुर्चीच्या हातावर थाप पडली. मी वळून बघितलं. आप्पा डावा हात आपटत होते. भावजय पाणी घेऊन धावली, त्यांनी भांडं बाजूला सारलं. मला वाटलं, ऊन लागतंय. "हलवू का खुर्ची?" असं विचारून मी परत पायली भरली आणि, कुठवर आलो होतो ते घोटाळ्यात विसरून, परत म्हटलं, "एक..."

"ला..."

आप्पांचा चेहरा लाल झाला होता. गळ्याच्या शिरा ताठ. त्यांना भयंकर राग आला होता, आणि तो राग माझ्या इतक्या ओळखीचा होता, कारण तो माझाच आहे.

"लाभ!" आप्पा म्हणाले.

अगदी स्वच्छ. भ सकट. मधल्या भावाच्या हातातलं पोतं सुटलं आणि भात जमिनीवर पसरला, कुणी भरायला वाकलं नाही. मी पायली राशीत परत ओतली, राशीला हात लावून कपाळाला लावला, पुन्हा भरली.

"लाभ," मी म्हटलं.

"लाभ लाभ लाभ लाभ," आप्पा म्हणाले, आणि मी पोत्यात ओतली तसं, "दोन दोन दोन दोन."

ते मोजत गेले आणि मी भरत गेले. सगळे उभे होते, मापाच्या वेळी बोलायचं नाही म्हणून कुणी बोललं नाही, पण भावजय पदर तोंडावर धरून रडत होती. विसाव्या पायलीला ते थांबले आणि माझ्याकडे रोखून बघायला लागले. मला कळेना. मग कळलं. मी मूठभर भात बाजूला ठेवला, आणि पुढची भरली तसं ते म्हणाले, "लाभ."

रजा मी वाढवून घेतली. वाचा परत आली असं मात्र झालं नाही, तसं मी भासवणार नाही. आले ते आकडे, तेही क्रमानेच. नुसतं तीन म्हणा म्हटलं तर येत नसे. लाभपासून निघून तिथवर चालत जावं लागे. भाकरी हव्या असल्या की "लाभ, दोन" म्हणून थांबत, आणि भावजय ताटात दोन वाढी. तिसरी नको असली तरी ती मुद्दाम विचारायची, तेवढीच जिभेला कसरत. थेरपिस्टला मी खळ्यावरची हकीकत सांगितली तेव्हा ती आधी लाभ म्हणजे काय तेच विचारत बसली, मग म्हणाली, ही शिडी आहे, हिच्यावरूनच चढवू त्यांना. आमच्या मेंढपाळांची गोष्टही मी तिला सांगून टाकली. तिने ऐकून घेतली बिचारीने.

पौषातली गोष्ट. त्या दिवशी धाकट्याने टेम्पोतून आणलं होतं, मधलाही भोरला खताचं बघायला म्हणून बरोबर आला होता. दवाखान्याच्या छोट्या खोलीत आम्ही तिघंही भिंतीला टेकून उभे. आप्पा तिच्यासमोर खुर्चीत. ती प्रश्न विचारत होती, ज्यांचं उत्तर आकड्यात येईल असे. बैल किती? "लाभ, दोन." खोलीला खिडक्या किती? "लाभ." आप्पा मजेत होते.

"आजोबा, तुम्हाला मुलं किती?"

मला उत्तर माहीत होतं. लाभ, दोन, आणि थांबायचं. मी खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघायला लागले. एका एसटीत लोक चढत होते. चाळीसहून जास्त वर्षं झाली होती, माझे स्वतःचे केस पांढरे, आणि तरी मी नसरापूरला त्यांच्या धोतराला खेटूनच उभी होते. आजारी माणसाने एक आकडा म्हणायचा, त्याचं मी काय घेऊन बसले होते, असं स्वतःला रागे भरून बघितलं. उपयोग झाला नाही.

उत्तर येईना. मी वळून बघितलं तर आप्पांचा डावा हात हवेत होता, आणि तो माझ्या दिशेने होता. मला वाटलं, उठायचंय त्यांना. धाकट्याने मला कोपराने ढोसलं. "आक्का, तुला बोलवत्यात. जा की."

मी पुढे झाले. तो हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट बसला, पायलीच्या काठावर बसायचा तसा.

"लाभ," आप्पा म्हणाले.

मग मनगट न सोडता त्यांनी मधल्याकडे बघितलं. "दोन." मग धाकट्याकडे. "तीन."

थेरपिस्टने वहीत तीन लिहिलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. "छान, आजोबा! आता परत एकदा सांगा बघू, मुलं किती?"

आप्पांनी मान हलवली आणि तोंड मिटून घेतलं. दमले का, असं तिने माझ्याकडे बघून विचारलं. दमलेले नाहीत, एवढं तरी तिला सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं, पण माझ्या तोंडातून नुसती हवा आली. शेवटी मधला भाऊ पुढे झाला.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला, "एकदा मोजलेली रास आप्पा परत मोजत न्हाईत."